भात पिकवायचा, खायचा, पण विकायचा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

इंडोनेशियाचे नाव काढले की आपल्याकडे बहुतेकांना बाली आठवते, काहींना बोरोबुदूरचे बौद्ध मंदिर आठवते, आणि ज्यांचे नातलग तिकडे नोकरीला आहेत त्यांना जकार्तातली वाहतुकीची कोंडी आठवते. आज मात्र आपण किनारा सोडून जावा बेटाच्या पश्चिम भागातल्या डोंगरांत जाणार आहोत. सुकाबूमी जिल्ह्यात, हालिमून पर्वताच्या कुशीत, हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीवर चिप्तागेलार नावाचे गाव आहे. दक्षिण किनाऱ्यावरच्या पलाबुहान रातू या बंदरावरून तिकडे जायचे तर घाट चढावा लागतो, आणि डांबर संपल्यावर दगडगोट्यांचा जो रस्ता सुरू होतो, तिथे साध्या मोटारीचे काम नाही. जीप तरी हवी, नाहीतर एखाद्या स्थानिक दुचाकीवाल्याच्या मागे जीव मुठीत धरून बसण्याची तयारी तरी हवी.

इथले लोक सुंदानी. त्यांची भाषा जावानीज नव्हे, सुंदानी आहे. परंपरेने चालणाऱ्या अशा समाजाला ते कसेपुहान म्हणतात, प्रमुखाला आदराने आबाह म्हणतात, आणि आपली परंपरा 1368 पासून अखंड चालत आली आहे असे अभिमानाने सांगतात. मुख्य गाव लहान आहे, पण त्याच्या रीतीभाती पाळणाऱ्या वाड्या-वस्त्या आसपासच्या डोंगरदऱ्यांत पुष्कळ विखुरलेल्या आहेत.

या गावाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही की इथे तांदूळ विकत नाहीत. पुन्हा सांगतो, इथे तांदूळ विकत नाहीत, भातही विकत नाहीत. पीक कमी आले म्हणून नव्हे, भरपूर आले तरीही नाही. ताडाच्या जातीच्या आरेन झाडाचा रस आटवून केलेला गूळ ते बाजारात विकतात, त्यातून मीठमसाला आणि कपडालत्ता येतो. पण भात म्हणजे न्यी पोहाची ही देवी, आणि देवीचा भाव कोणी करत नाही. गावचे बाकीचे सारे नियम या एका नियमाच्या आगेमागे उभे आहेत.

हा नियम मला पुस्तकातून कळला नाही, माझ्या आतेबहिणीमुळे कळला, आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझे मेहुणे काही वर्षे जकार्तात नोकरीला होते. ताई मूळची कोकणातली, त्यामुळे तांदळाच्या बाबतीत अत्यंत चिकित्सक. जकार्तातल्या दुकानांतले पांढरेशुभ्र, गुळगुळीत तांदूळ तिला कधी आवडले नाहीत. (मलाही आवडत नाहीत. तांदळाला इतकी पॉलिश करून त्याचा सगळा जीव गिरणीत काढून घ्यायचा आणि मग अशक्तपणासाठी गोळ्या घ्यायच्या, ही रीत कोणी शहाण्याने काढलेली नाही.) एका सुट्टीत शेजारच्या इंडोनेशियन कुटुंबाबरोबर ही मंडळी चिप्तागेलारला गेली.

गावात एक मोठे घर आहे, इमाह गेडे. आलेला पाहुणा कोणीही असो, प्रथम तिथे जातो, आणि तिथल्या स्वयंपाकघरातून जेवल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. ताई आत गेली तेव्हा ओळीने पेटलेल्या चुली होत्या, धुराने काळ्या झालेल्या तुळया होत्या आणि कमरेला लुंगीसारखे वस्त्र गुंडाळलेल्या बायका कामात होत्या. भाताची रीत ती डोळ्यांत तेल घालून पाहत राहिली. आधी तांदूळ बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून वाफेवर ठेवतात. अर्धवट शिजला की तो लाकडी परातीत ओततात, त्यावर कढत पाणी घालतात, उलथन्याने वरखाली करतात आणि पाणी जिरले की पुन्हा टोपलीत घालून वाफ देतात. दुसऱ्या वाफेनंतर भात परत परातीत येतो, आणि एक बाई एका हाताने तो ढवळते, दुसऱ्या हाताने विणलेल्या पंख्याने वारा घालते. ताई म्हणाली, त्या पंख्याच्या वाऱ्याबरोबर भाताचा वास पार ओसरीपर्यंत येत होता आणि भाताचा प्रत्येक दाणा सुटा, पण मऊ होता. आमच्याकडे तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करून मोकळे होणारी माणसे, हे ऐकून जरा गप्प झाली.

भात लालसर होता, चवीला किंचित गोडसर. ताईने दोनदा घेतला. मग तिच्या मनात आले की असा तांदूळ सासूबाईंना पेजेसाठी न्यावा, म्हणून तिने शेजाऱ्यांकरवी विचारले, "पाच किलो मिळेल का? काय भाव आहे?"

वारा घालणारी बाई हसली आणि तिने ताईच्या पानात आणखी भात वाढला.

ताईला वाटले, आपले बोलणे नीट पोहोचले नाही. तिने पिशवी काढून दाखवली, पर्समधून नोटा काढल्या. बाईने नोटांकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि पुन्हा पानात भात वाढला. आता शेजाऱ्यांच्या मुलाला हसू आवरेना. ताई म्हणाली, "अहो, खाण्यासाठी नव्हे, न्यायला हवाय, पैसे देऊन." तेव्हा चुलीपाशी बसलेल्या एका आजोबांनी सावकाश सांगितले की इथे बसून हवा तितका खा, उद्या खा, परवा खा, तुला कोणी उठवणार नाही, पण तांदूळ विकायचा नसतो. ताईने मग तोडगा काढला. ती म्हणाली, "बरे, मग दान म्हणून पैसे ठेवते आणि तुम्ही भेट म्हणून तांदूळ द्या." आपल्याकडे कित्येक व्यवहार या वाटेने सुखरूप पार पडतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. आजोबांनी तेही शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते विकणेच झाले."

यानंतर ताईने नोटा पर्समध्ये घातल्या. ओशाळलेपण लपवायला ती अंगणात गेली, जिथे काही बायका भात कांडत होत्या. उखळ म्हणजे होडीसारखा कोरलेला लांबलचक लाकडी ओंडका, आणि त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहून आळीपाळीने मुसळे मारणाऱ्या चार-पाच जणी. ताईने लहानपणी आजोळी भात कांडला होता, म्हणून तिने मोठ्या विश्वासाने मुसळ मागून घेतले. पण त्या बायकांचे कांडणे तालावर चालते, आणि ताईचा घाव नेमका दोन घावांच्या मध्ये पडला. मुसळांची टक्कर झाली, तूस उडाले आणि तिच्या घामेजल्या हातांना कोपरापर्यंत चिकटले. सगळ्या खळखळून हसल्या. एकीने तिच्या मनगटाला धरून घाव केव्हा घालायचा ते दाखवले, आणि मग थोडा वेळ का होईना, ताईचे मुसळ तालात पडत राहिले.

निघताना त्या वारा घालणाऱ्या बाईने ताईच्या हातात केळीच्या पानाची गरम गुंडाळी दिली. तीत शिजवलेला भात घट्ट वळून बांधला होता, सोबत तळलेली सुकी मासळी आणि मिरचीचा ठेचा. तांदूळ नेता आला नाही, पण भात वाटेत खायला मिळाला. सासूबाईंच्या पेजेचे मात्र राहिले ते राहिलेच, आणि त्या आजही म्हणतात, "हिला साधा तांदूळ आणता आला नाही."

तर श्रोतेहो, आता हा तांदूळ येतो कुठून, ते थोडक्यात सांगतो, कारण माझा निम्मा वेळ ताईनेच घेतला आहे.

इथे भाताचे पीक वर्षातून एकदाच घेतात. एकदाच. पाणी आहे, ऊन आहे, जमीन आहे, तरी दुसरे पीक नाही. पेरणीची वेळ आकाश पाहून ठरते, त्याची त्यांच्याकडे एक म्हण आहे. कृत्तिकांचा पुंजका दिसू लागला की अवजारे काढून त्यांना धार लावायची, आणि ज्याला आपण मृग म्हणतो आणि हे लोकही हरीणच म्हणतात, ते नक्षत्र दिसू लागले की शेतात उतरायचे. म्हणीचा उरलेला भाग असा की हरीण मावळले की किडे उतरतात. म्हणजे त्याआधी पीक हाती आले पाहिजे. सारे खोरे एकदमच पेरते आणि एकदमच कापते, मग शेते रिकामी राहतात, त्यामुळे किडीला वर्षभर खायला मिळत नाही.

याचे मोल कळण्यासाठी काही दशकांपूर्वी उरलेल्या जावामध्ये काय चालले होते ते पाहावे लागेल. 1970 च्या दशकात सरकारने अधिक उत्पन्न देणारी बुटकी वाणे, रासायनिक खते आणि कीटकनाशके गावोगाव पोहोचवली, वर्षाला दोन-तीन पिके घेतली जाऊ लागली आणि 1984 मध्ये देश तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाल्याची घोषणाही झाली. पण तपकिरी तुडतुड्यांनी शेतेच्या शेते करपवून टाकली, आणि फवारण्यांमुळे तुडतुडे खाणारे कोळी व इतर मित्रकीटकच मेल्याचे ध्यानात आल्यावर 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. चिप्तागेलारने त्या सगळ्या काळात आपली जुनी, उंच वाढणारी वाणेच लावली. अशी शंभराहून अधिक वाणे ते आजही राखून आहेत. मी हरितक्रांतीच्या विरोधात नाही, तिने पोटे भरली आहेत. पण बियाणे दरवर्षी दुकानातून आणणारा शेतकरी आणि बियाणे आपल्या कोठारात ठेवणारा शेतकरी यांच्या झोपेत फरक असतो, एवढे मात्र मी म्हणेन.

कापणीला विळा नसतो. तळहातात मावणाऱ्या लहान पात्याने एकेक लोंबी खुडतात, लोंब्यांच्या जुड्या बांधतात आणि बांबूच्या आडव्या दांड्यांवर उन्हात वाळत घालतात. मग त्या कोठारात जातात. या कोठाराला लेउइत म्हणतात. खांबांवर उचललेले, बांबूच्या विणलेल्या भिंतींचे आणि झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेले हे कोठार प्रत्येक घराचे स्वतःचे असते. दाणा लोंबीवरच, तुसासकट राहतो, म्हणून वर्षानुवर्षे टिकतो, आणि लागेल तेवढाच काढून कांडतात. गिरणी चालत नाही, हातानेच कांडायचा. याखेरीज सगळ्यांचे मिळून एक कोठार असते, सी जिमात नावाचे. ज्याच्या घरी कमी पडले त्याने तिथून उसना न्यावा आणि पुढच्या हंगामात परत आणून ठेवावा. म्हणजे तांदूळ विकत नाहीत, पण उपाशीही कोणाला ठेवत नाहीत.

हंगाम संपला की सेरेन तौन हा सण होतो, आणि रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला त्यातल्या एका गोष्टीचा मोह होतोच. पुरुष भाताच्या जुड्या जाड बांबूच्या कावडीला टांगून मिरवत नेतात. चालताना कावड हिंदकळते, जुड्यांची दोरी बांबूच्या खाचेत घासते आणि घोगरा, कुरकुरणारा आवाज येतो. पन्नास कावडी एकदम निघाल्या की डोंगरातून बैलगाड्यांचा तांडा उतरावा तसे वाटते. त्यातच बायका रिकाम्या उखळावर तालात मुसळे वाजवत असतात. अखेरीस जुड्या सी जिमात कोठारात विधिपूर्वक ठेवल्या जातात.

हे सारे ऐकून कोणाला वाटेल की हे लोक जगापासून तुटलेले आहेत, तर तसे अजिबात नाही. ओढ्यांवर चालणारी लहान जलविद्युत केंद्रे त्यांनी नव्वदच्या दशकापासून उभारली. सध्याचे प्रमुख आबाह उगी 2007 मध्ये वडिलांनंतर तरुण वयातच गादीवर आले, आणि विजेच्या उपकरणांची त्यांना आवड. गावाचे स्वतःचे रेडिओ केंद्र आहे आणि चिगा टीव्ही नावाची स्वतःची दूरचित्रवाहिनीही आहे. तिच्यावर शेतीची कामे, सणवार, गावातल्या मुलांचे खेळ दिसतात, आणि आपल्याकडच्या वाहिन्यांसारखे एका चौकटीत आठ माणसे एकमेकांवर ओरडताना दिसत नाहीत. यंत्राला इथे मनाई नाही. मनाई आहे ती यंत्राला भाताच्या वाटेत आणण्याची.

आणखी एक सांगायचे राहिले. हे गाव जागा बदलते. पूर्वजांचा आदेश झाला, असे प्रमुखाने सांगितले की केंद्र हलते आणि लोक मागोमाग जातात. चिप्तागेलारलाही ते या शतकाच्या आरंभी चिप्तारासाहून आले, आणि अलीकडच्या वर्षांत आबाहांचे वास्तव्य गेलार आलम या नव्या ठिकाणी गेले आहे. तेव्हा कोणी जाणार असाल तर पलाबुहान रातूला उतरल्यावर आधी आबाह सध्या कुठे राहतात ते विचारा. सेरेन तौन पाहायचा असेल तर तारीखही तिथेच विचारा, कारण ती छापील दिनदर्शिकेत सापडत नाही. पीक कोठारात आल्यावरच ती ठरते.

नमस्कार.