पाठ फिरवून केलेलं पाठांतर

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे 'पाठ' दुखते आणि कविताही 'पाठ' होते. शब्द दिसायला एकच, पण त्यांची कुळं वेगळी. एक 'पृष्ठ'वरून आला, दुसरा 'पठ्' धातूवरून. चिनी भाषेत मात्र ही गाठ खरीच बसलेली आहे. तिथे 'बेई' म्हणजे शरीराची पाठ, आणि 'बेई' म्हणजेच तोंडपाठ करणं. जुन्या शाळेत मुलगा पुस्तक गुरुजींपुढे ठेवायचा, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि घडाघडा म्हणून दाखवायचा. अक्षरं दिसायला नकोत, म्हणून पाठ फिरवायची. त्यावरून हा अर्थ आला असं सांगतात.

आज चीनमध्ये 'बेई दान्त्स' म्हटलं, की शाळकरी पोरांच्या पोटात गोळा येतो. 'बेई दान्त्स' म्हणजे इंग्रजी शब्द पाठ करणं. जूनच्या 7 तारखेपासून तिथली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते, तिला 'गाओखाओ' म्हणतात. बहुतेक प्रांतांत एकूण 750 गुण, त्यातले 150 इंग्रजीचे. त्यासाठी साधारण 3500 शब्द यायला हवेत, असं तिथलं पोरगंपोरगं सांगेल. पुढे कॉलेजात गेलं तरी सुटका नाही. तिथे 1987 पासून चालत आलेली इंग्रजीची वेगळी चाचणी असते आणि तिची शब्दांची यादी वेगळी.

या याद्या वर्णानुक्रमाने छापलेल्या. त्यामुळे बऱ्याच याद्यांत सुरुवातीलाच जो शब्द भेटतो तो म्हणजे 'अबँडन'. अर्थ, सोडून देणे. मुलं पहिल्या दिवशी हा शब्द पाठ करतात आणि त्याच दिवशी आज्ञाधारकपणे अभ्यास सोडून देतात, असा विनोद चीनमध्ये घरोघरी चालतो.

विनोद बाजूला ठेवू, पण हाच शब्द जरा हातात घेऊन बघू. यादीत 'अबँडन'समोर चिनी अर्थ असतो 'फांगछी', म्हणजे सोडणे. आता सिगारेटही सोडता येते, नोकरी सोडता येते, हट्टही सोडता येतो. मग मुलगा निबंधात बेधडक लिहितो, 'माय फादर अबँडन्ड स्मोकिंग.' व्याकरण चोख, अर्थही कळतो, पण वाचणारा थबकतो. इंग्रज माणूस इथे 'क्विट' म्हणेल किंवा 'गेव्ह अप'. यादीनं मुलाला शब्दाचा अर्थ सांगितला, पण तो शब्द कुणाच्या पंगतीला बसतो हे सांगितलंच नाही.

इथे उदाहरणाचं वाक्य उपयोगी पडतं, पण कुठलंही नव्हे. 'ही सॉ ॲन अबँडन्ड कार' हे वाक्य घ्या. त्यानं गाडी पाहिली, एवढंच कळलं. ती लाल होती, मोडकी होती की महाग होती? 'अबँडन्ड'च्या जागी काहीही चालतं. आता दुसरं वाक्य ऐका. 'द स्नो वॉज सो डीप दॅट दे अबँडन्ड द कार अँड वॉक्ड होम.' बर्फ इतका साचला की गाडी तिथेच टाकून ते पायी घरी गेले. या वाक्यातून तो शब्द काढून घेतला, तरी त्याच्या जागी काय हवं ते ओळखता येईल. मनात नसताना, नाइलाजाने टाकून जाणं, ही त्या शब्दातली बोच यादीत कधी येत नाही. माझ्या मते चांगल्या वाक्याची कसोटी एवढीच. बाकीचे सगळे शब्द ओळखीचे असावेत आणि त्या चौघांनी मिळून पाचव्याची ओळख करून द्यावी.

चिनी माणसाला तर याची गरज फारच. 'दा' या छोट्या क्रियापदाचं बघा. 'दा' म्हणजे मारणं. चिनी माणूस फोन मारतो, बास्केटबॉल मारतो, टॅक्सी मारतो, पाऊस आला की छत्री मारतो आणि थंडी आली की स्वेटरसुद्धा मारतो, म्हणजे विणतो. हसू नका! आपण हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, चक्कर मारतो आणि अगदीच कंटाळा आला की शाळेला दांडी मारतो. यातल्या एकाही ठिकाणी कुणाला लागत नाही. इंग्रजीत शिरताना त्या एका 'दा'ची पाच निरनिराळी क्रियापदं होतात. 'दा म्हणजे हिट' एवढंच पाठ केलेल्या मुलानं पावसात छत्रीचं काय करायचं?

चहाचंही तसंच. दाट उकळलेल्या चहाला चिनी माणूस 'नोंग' म्हणतो, म्हणजे घट्ट, दाट. इंग्रज 'स्ट्राँग' म्हणतो, बलवान. आपण 'कडक' म्हणतो. आणि इंग्रज ज्याला काळा चहा म्हणतो, तो चिन्यांच्या लेखी लाल. चहा तोच, चव तीच. असल्या जोड्यांना कारण विचारायचं नसतं. त्या वाक्यात भेटतात तशा उचलायच्या.

एका चुकीत तर चिनी विद्यार्थी आणि आपण अगदी सख्खे भाऊ आहोत. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट.' चिनीत 'सुईरान' म्हटलं की पुढे 'दानशी' येतंच, आपल्याकडे 'जरी'च्या मागे 'तरी' येतं तसं. इंग्रजीत मात्र दोघांपैकी एकानं घरी बसायचं. हा नियम मी शाळेत किती वेळा लिहिला असेन देव जाणे, तरी बोलताना 'बट' तोंडात यायचाच. तो गेला तो नियमानं नाही. बरोबर वाक्यं इतकी कानावरून गेली, की एक दिवस चुकीचं वाक्य कानाला बोचायला लागलं.

कानाचा विषय निघालाच आहे, आणि मी रेडिओवर बोलतोय, तेव्हा हे सांगायलाच हवं. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'नं 1959 मध्ये 'स्पेशल इंग्लिश' नावाच्या बातम्या सुरू केल्या. सुमारे 1500 शब्दांत सगळं जग मावायचं. वाक्यं आखूड, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि वाचन सावकाश. 1978 नंतर चीनची दारं किलकिली झाली, तेव्हा शॉर्टवेव्हच्या खरखरीत कान घालून असंख्य चिनी तरुण हे ऐकत. त्यांना शब्द मिळत होते ते सगळे वाक्यात बसूनच, एकही सुटा नाही.

आता मी वाक्यांची एवढी तरफदारी करतोय, तर त्यांची खोडही सांगतो. वाक्यसुद्धा दगडासारखं पाठ होतं. चिनी पाठ्यपुस्तकातून एक संवाद पिढ्यानपिढ्या घोकला गेला. 'हाऊ आर यू?' 'आय ॲम फाइन, थँक यू. अँड यू?' त्यावर तिथे एक गोष्ट सांगतात. परदेशात एक चिनी माणूस गाडीसकट दरीत कोसळतो. वरून पोलीस ओरडून विचारतो, 'हाऊ आर यू?' रक्तबंबाळ माणूस खालून उत्तर देतो, 'आय ॲम फाइन, थँक यू. अँड यू?' पोलीस निघून जातो. म्हणून एका शब्दाला एक वाक्य पुरत नाही. तीन-चार हवीत, आणि शेवटचं आपल्या घरातलं, आपण जुळवलेलं हवं. चुकलं तरी चालेल.

2022 च्या जूनमध्ये चीनमध्ये एक गंमत झाली. वर्षभरापूर्वी सरकारनं खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं घातली होती आणि पुष्कळ शिक्षक रिकामे झाले होते. त्यातले एक, दोंग यूहुई, इंटरनेटवर थेट प्रक्षेपणातून खाद्यपदार्थ विकायला उभे राहिले. मांसाचे तुकडे विकता विकता शेजारच्या पांढऱ्या फळ्यावर त्यांचे इंग्रजी शब्द लिहायचे, समजावून सांगायचे, वाक्यात वापरून दाखवायचे. लोक मांस घ्यायला आले आणि धडा ऐकत बसले. ज्याची ऑर्डर घरी येणार होती, त्याला तो शब्द पाठ करावा लागला असेल असं मला वाटत नाही.

जाता जाता एक शब्द. इंग्रजी उच्चार लक्षात राहावा म्हणून चिनी पोरं तो आपल्या अक्षरांत लिहून ठेवतात. 'थँक यू' लिहितात 'सान ख यौ'. त्या अक्षरांचा अर्थ होतो, तीन ग्रॅम तेल.

तर श्रोतेहो, इतका वेळ ऐकलंत, तुम्हाला तीन ग्रॅम तेल. नमस्कार.