उतरवणार कोण?

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळी तोंडावर आली की आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांतून एक दृश्य हमखास दिसतं. जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्याबाहेर, बल्ल्या बांधून केलेल्या परांचीवर एक रंगारी उभा असतो. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ब्रश, खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरलेला मोबाइल. खाली साथीदार निवांत तंबाखू मळतोय. आपण मान वर करून बघतो, 'सांभाळून रे बाबा' म्हणतो आणि गजक घ्यायला पुढे निघतो. (रंगाबद्दल माझं मत वेगळं आहे. कळीचा चुना भिजवून दिलेला हात, त्यात चिमूटभर नीळ, याच्या पुढे हे प्लास्टिकचे रंग काहीच नाहीत. पण घरात माझं कोण ऐकतं!)

मी ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरच्या कारखान्यांत बरीच वर्षं उंचीवर काम करणाऱ्यांना शिकवत होतो. रंगारी, वेल्डर, छतावर पत्रे बसवणारे, टाक्या धुणारे. त्या वर्षांतली एक गोष्ट आज सांगतो.

मे महिना होता. शेडमध्ये तीसेक माणसं बसलेली. पुढच्याच ओळीत एक मिस्त्री, साठीला टेकलेले, गळ्यात गमछा. मी हार्नेस दाखवला. खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पट्टा. नुसता कमरेचा पट्टा वापरू नका, पडताना सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो, असं सांगत होतो. मिस्त्री म्हणाले, "साहब, पैंतीस साल हो गए, आज तक गिरे नहीं." सगळे हसले. मी तेव्हा तरुण, अंगात ऐट. म्हटलं, थांबा, मीच लटकून दाखवतो.

हार्नेस चढवला, पाठीवरची कडी विजेच्या क्रेनच्या हुकात अडकवली आणि वर घ्यायला सांगितलं. मालाच्या क्रेनने माणूस उचलायचा नाही, हे मीच त्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं. ती ओळ अजून पुसलेलीसुद्धा नव्हती! दहा फूट वर गेलो, हात पसरले, टाळ्या पडल्या. आणि वीज गेली.

ग्वाल्हेरचा मे आणि वीज, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पंखे थांबले, क्रेन थांबली, मी अधांतरी. पहिलं मिनिट विनोदात गेलं. दुसऱ्या मिनिटाला मांड्यांतले पट्टे रुतायला लागले. माणूस असा स्थिर लटकला की रक्त पायांतच साठतं. एरवी चालताना पोटऱ्या दाबल्या जातात आणि ते वर ढकललं जातं, लटकल्यावर ते होत नाही. मग घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, शुद्ध जाऊ शकते. शुद्ध हरपलेला माणूस तसाच लटकत राहिला तर जिवावर बेततं. हे सगळं मला पाठ होतं, पायांना मात्र तेव्हाच कळलं. एक जण जनरेटरवाल्याला शोधायला पळाला, एक फोन लावायला गेला. बाकीचे सत्तावीस-अठ्ठावीस जण मान वर करून मला सल्ले देत होते.

मिस्त्री शांतपणे जवळ आले. वर बघून म्हणाले, "साहब, उतरने का क्या सोचा था?"

काही म्हणजे काही सोचा नव्हता.

मिस्त्री गेले आणि कोपऱ्यातली लाकडी शिडी घेऊन आले. दोघांना ती घट्ट धरायला लावली. माझा उजवा पाय हाताने उचलून पायरीवर ठेवला. पायावर भार आला, मांड्यांतले पट्टे सैल झाले, आणि माझ्या जिवात जीव आला. मग मागून चढून त्यांनी हुक सोडवला. घड्याळात फक्त सात मिनिटं झाली होती.

म्हणून श्रोतेहो, माणूस वर चढण्याआधी विचारा, हा लटकला तर उतरवणार कोण? पुन्हा सांगतो, चढण्याआधी विचारा, उतरवणार कोण आणि कशाने? 'फायर ब्रिगेडला फोन करू' हे उत्तर नाही, गाडी येईपर्यंत तो लटकलेलाच असतो. शिडी जवळ हवी, ती आणणारा माणूस ठरलेला हवा, आणि लटकलेल्याने तोवर पाय हलवत राहायचं.

आता दोर, म्हणजे हार्नेसची कडी ज्याने पक्क्या आधाराला बांधतात तो. आपल्या जयविलास महालातल्या झुंबरांची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. एकेक झुंबर साडेतीन टनांचं, ते छताला पेलेल का हे बघायला म्हणे आधी छतावर हत्ती चढवले. खरं-खोटं इतिहासवाले बघतील, पण ज्याच्यावर भार टाकायचा ते आधी तपासायचं, ही अक्कल त्या कथेत आहे. आणि आमचा रंगारी दोर बांधतो पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपला!

बांधायचा तोही डोक्याच्या वर. पायाशी बांधलात तर हिशेब ऐका. दोर दोन मीटर, त्यातली झटका झेलणारी शिवण उसवून दोर लांबतो तो आणखी पावणेदोन, पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड, खाली एक मीटर मोकळं. झाले सव्वासहा मीटर. पहिल्या मजल्यावरून पडलात तर आधी जमीन येईल, मग दोर ताणला जाईल. आणि एकदा झटका खाल्लेला हार्नेस पुन्हा वापरायचा नाही, कितीही नवा दिसला तरी. घरच्या शिडीसाठी चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट बाहेर, एवढं धरा. खुर्चीवर स्टूल ठेवून जाळी काढणाऱ्यांबद्दल बोलायला वेळ नाही, आमच्याच घरात आहेत.

ते मिस्त्री त्यानंतर माझ्या प्रत्येक वर्गाला यायचे. वर्ग सुरू होण्याआधी शिडी आणून भिंतीला लावायचे आणि मगच पुढच्या ओळीत बसायचे. मी काय शिकवतोय त्याकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. क्रेनकडे मात्र असायचं. नमस्कार.