तांबटाचा लांबचा भाऊ

श्रोतेहो, नमस्कार. या दिवसांत साताऱ्यात भर दुपारी वडाच्या किंवा उंबराच्या शेंड्यावरून एक आवाज सारखा येत असतो. टुक्, टुक्, टुक्. तांब्याच्या भांड्यावर कुणी हातोडी मारत बसलंय, असा. तो आपला मुठीएवढा तांबट. त्याचा एक भाऊबंद पार मध्य अमेरिकेत राहतो. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

त्याचं नाव अरासारी. टूकन पक्ष्यांच्या घराण्यातली ही धाकटी पाती. टूकनचं चित्र पाहिलं की आपल्याकडचा माणूस म्हणतो, अरे, हा तर धनेश! कोयनेच्या रानात धनेश पाहिलेल्यांना तसं वाटणारच. चोच तशीच थोराड, फळांची ओढही तीच. पण धनेश हुप्प्याच्या, म्हणजे तुरेवाल्या हुदहुद पक्ष्याच्या, जवळचा, आणि टूकन मात्र तांबट-सुतारांच्या गोतातला. पाय बघा म्हणजे पटेल: दोन बोटं पुढं, दोन मागं.

यातला लाल चोचीचा अरासारी दक्षिण कोस्टा रिका आणि पश्चिम पनामा एवढ्याच पट्ट्यात सापडतो. शेपटीसकट दीड फुटाच्या आत, वजन पाव किलोच्या आसपास. डोकं काळंभोर, पोट पिवळं, त्यावर लाल पट्टा आणि वरची चोच निखाऱ्यासारखी. ती दिसते जड, पण आत हाडांची नाजूक जाळी असते, म्हणून हलकी. बारीक डहाळीवरचं फळ बसल्या जागेवरून तोडायचं, मान मागं टाकायची आणि ते घशात उडवायचं!

मला मात्र सगळ्यात आवडते ती त्याची झोप. संध्याकाळी चार-पाच जण एकाच ढोलीत शिरतात. जागा अपुरी. मग चोच पाठीवर टेकवायची आणि शेपटी उलटी दुमडून अंगावर घ्यायची, वळकटी बांधावी तशी. शेपटीच्या बुडाशी उखळीचा सांधा असतो, म्हणून ते जमतं. अलेक्झांडर स्कच या अभ्यासकानं हे तासन्‌तास बसून पाहिलं. तिथं या पक्ष्याला कुसिंगो म्हणतात. स्कचनं १९४१ साली कोस्टा रिकात शेत घेतलं आणि त्याला नावच दिलं ‘लोस कुसिंगोस’.

अंडी दोन, तीही बहुधा सुतारानं कोरून सोडलेल्या ढोलीत. खाली काडीचंही अंथरूण नाही. पिल्लं आंधळी, उघडी. पण टाचांना जाड गाद्या असतात, म्हणून खरबरीत लाकडानं सोलवटत नाहीत. आईबापांबरोबर आणखी दोन-तीन मोठे पक्षी त्यांना भरवतात, बहुतेक आधीच्या विणीची भावंडं. सहा आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात, तरी भरवणं चालूच असतं.

आपला तांबट ढोली स्वतःच कोरतो, वठलेल्या फांदीत. परसातली अशी फांदी तोडायच्या आधी तिच्या खालच्या अंगाला नजर टाका. गोल भोक दिसलं तर जरा लांब उभे राहा. थोड्या वेळानं आतून लाल कपाळ डोकावेल.