भरती बघून बाजारहाट

नमस्कार मंडळी. शिडाची बोट घेऊन फिरतो म्हटलं की लोकांना वाटतं रोज नवीन बेट आणि हातात शहाळं, पण खरं सांगू का, एका वर्षी सहा महिने आम्ही न्यूझीलंडच्या व्हांगारेईत एकाच दोरीला बांधून होतो. (फांगारेई म्हणायचं हो, माओरीत तिथे फ असतो, मला पहिल्याच दिवशी दुकानात सुधारलं.)

कारण साधंच. फिजी-टोंगाकडे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस, मग शिडवाले हजारेक सागरी मैल खाली उतरून इथे येतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्त करत बसायचं, तसंच धरा. देशात शिरताना आधी ओपुआ बंदराच्या धक्क्यावर तपासणी होते, त्यात उरलेली लिंबं, अंडी गेली आणि टोंगात घेतलेला मधही गेला. लिंबांचं काही नाही, मधाचं अजून वाईट वाटतं. बोटीचा तळसुद्धा स्वच्छ लागतो, शेवाळ-शिंपले चिकटलेले चालत नाहीत, २०१८ पासून तसा नियमच आहे.

व्हांगारेईत बोटी हातेआ नदीतून थेट गावात येतात, सुपरमार्केट चालत जाण्यासारखं. पण आमची जेट्टी तरंगती, पाण्याबरोबर वरखाली होणारी, आणि काठावरून तिच्यावर उतरायला एक रॅम्प. भरतीला तो जवळजवळ सपाट, ओहोटीला असा उभा की गॅसचा सिलिंडर घेऊन उतरायचं म्हणजे गडाची पायरी. त्यामुळे घड्याळ बाजूला राहिलं, पीठ-तांदूळ-बटाटे भरतीला आणायचे, ओहोटीला फक्त ब्रेड! पूर्ण ओहोटीत कील (बोटीच्या तळाचा खाली उतरलेला कणा) खालच्या मऊ चिखलात रुतायची, बोट ढिम्म हलायची नाही, आणि गंमत म्हणजे तेव्हाच मला झोप लागायची नाही.

बाकी दिवस कसे जायचे? सॅंडपेपर. बोट क्रेनने वर काढली, तळ घासला, रंग लावला, संध्याकाळी नाकातून निळी धूळ निघायची. वर असताना बोटीतलं बेसिन वापरता येत नाही, भांडी बादलीत घेऊन शिडीने खाली उतरायचं. शेजारच्या बोटीवरचा फ्रेंच माणूस माझ्या फोडणीच्या वासाने यायचा, येताना चीज आणायचा, भाषा कुणालाच कुणाची धड येत नव्हती पण पिठलं-चीजचा व्यवहार चोख!

संध्याकाळी सहाला घरी फोन, तिकडे सकाळचे साडेदहा, आई विचारायची, "अजून तिथेच? बोट बिघडली का रे?" डिसेंबरात पोहुतुकावाची झाडं लालभडक फुलली तर तिला व्हिडिओवर दाखवली, म्हणाली, "पांगाऱ्यासारखं आहे की."

मेमध्ये दक्षिणेचा वारा धरला. नदी उथळ, त्यामुळे निघायचं ते भरतीलाच, वाटेत 'ते माताऊ आ पोहे' नावाचा उचलता पूल आहे, त्याला व्हीएचएफवरून (बोटीवरच्या रेडिओवरून) हाक मारली, "नॉर्थला निघालोय, उचला." पूल उचलला, दोन्हीकडे गाड्या थांबल्या. मागे वळून पाहिलं तर रॅम्प अगदी सपाट होता आणि कुणीतरी आरामात ट्रॉली ढकलत चाललं होतं.