विश्वातला आपला पत्ता

(खानापूर तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती गाळली आहे.)

मंडळी, संयोजकांनी मला ‘विश्व आणि मानवी जीवनाचा अर्थ’ असा विषय दिला आहे. पत्रिकेत तो छापलेला बघून मीच दचकलो. एवढा विषय तासाभरात, तोही पंगत बसायच्या आधी, उरकणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणून मी तो आपल्या शिवारात ओढून आणणार आहे. आपल्याकडे एक गोष्ट सगळ्यांना न शिकवता कळते, ती म्हणजे पत्ता.

आपल्या गावातल्या पंचाऐंशी-नव्वदीच्या कुठल्याही आजीला घ्या. त्या जन्मल्या तेव्हा हे गाव मुंबई इलाख्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठल्या त्या म्हैसूर राज्यात. १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी. एवढ्या उलथापालथीत आजींची चूल वीतभरसुद्धा सरकली नाही. आता पत्ता बदलल्याने काही बिघडत नाही असं मी म्हणालो, तर तुम्ही मला इथून खाली उतरवाल, आणि ते बरोबरच होईल. शाळेचं माध्यम, उताऱ्याची भाषा, बसवरची पाटी, कचेरीतला अर्ज, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. दुखतं ते खरंच दुखतं. पण त्या रात्री आजींनी भाकरी थापलीच, आणि ती कुणासाठी थापायची याबद्दल त्यांच्या मनात काही शंका नव्हती.

माणूसजातीचाही पत्ता असाच बदलत गेला आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं होतं, पण ती विश्वाच्या मध्यावर आहे या समजुतीला धक्का द्यायला १५४३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी कोपर्निकसने सूर्य मधे ठेवला आणि आपल्याला त्याच्या भोवती फिरायला लावलं. बरं, सूर्य तरी मधोमध असावा? तेही टिकलं नाही. १९१८ च्या सुमारास हार्लो शॅपली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने दाखवलं की सूर्य आकाशगंगेच्या मध्यापासून फार दूर, कडेच्या बाजूला आहे. आजच्या मोजणीप्रमाणे सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर. मग एडविन हबलने देवयानी नावाच्या आकाशातल्या फिकट डागातला एक विशिष्ट जातीचा, ठरावीक लयीत तेज कमी-जास्त होणारा तारा पकडला आणि त्यावरून अंतर काढलं. देवयानी आपल्या आकाशगंगेतला धुराचा पट्टा नाही, ती स्वतःच एक वेगळी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा अफाट समूह आहे, हे त्यातून ठरलं. हा निबंध शास्त्रज्ञांच्या सभेत वाचला गेला १ जानेवारी १९२५ ला. आपल्याकडे पत्ते १ नोव्हेंबरला बदलतात, विश्वाचा १ जानेवारीला बदलला, एवढाच काय तो फरक.

आता हिशोब असा आहे. आपल्या आकाशगंगेत दहा ते चाळीस हजार कोटी तारे, आणि अशा दीर्घिका निदान दहा हजार कोटी. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, पृथ्वीचं ४५४ कोटी. हे आकडे ऐकून मान हलवायची असते, कळत कोणालाच नाही. मलाही नाही. कळायला एकच उपाय आहे. कार्यक्रम संपल्यावर देवळाच्या मागच्या खळ्यावर जा, रस्त्यावरच्या दिव्याकडे पाठ करा, मोबाईल खिशात टाका आणि दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. जानेवारी आहे, आठच्या सुमाराला वायव्येला बऱ्यापैकी उंचावर एक फिकट डाग दिसेल. थेट बघितलात तर हरवतो, किंचित बाजूला नजर ठेवली की दिसतो. ती देवयानी, २५ लाख प्रकाशवर्षं लांब. तुमच्या डोळ्यात शिरणारा तो प्रकाश निघाला तेव्हा आफ्रिकेत आपले कोणी पूर्वज दगडावर दगड आपटून धार काढत होते. आधुनिक माणूस तर तेव्हा नव्हताच.

जुन्या लोकांना हे विश्व चिमुकलं वाटत होतं आणि विज्ञानाने ते अचानक फुगवलं, असं मात्र समजू नका. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, १२०४ सालचं, रट्ट राजांच्या काळातलं. सहलीला जातात तेव्हा पोरं तिथे सेल्फी काढतात, वर कोणी बघत नाही. वर छताला दगडी कमळ लटकलंय, त्याच्या पाकळ्यांवर तीर्थंकर कोरलेत, गेलेल्या काळाचे, चालू काळाचे आणि पुढे येणाऱ्या काळाचे. म्हणजे चोवीसांवर काम भागत नाही, तिन्ही काळ धरून बहात्तर लागतात. जैन विचारात जग निर्माण करणारा कोणी नाही, काळ चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, त्याला सुरुवातच नाही. त्या काळाच्या तराजूत एक माणूस ठेवला तर काटा हलायचाही नाही. पण तोच विचार पुढे लगेच सांगतो की पाय टाकताना मुंगी बघ. एवढा अफाट काळ मानणाऱ्यांनीच मुंगीची एवढी काळजी घ्यावी, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मागे एका गावात हेच बोलत होतो. एक वयस्कर शेतकरी उठले आणि म्हणाले, “सर, एवढं मोठं असतंय सगळं, तर मग आमचं काय हो त्यात?” सभा हसली. मला हसू आलं नाही, कारण विचारवंतांनी शे-दोनशे पानं घालवून विचारलेला प्रश्न त्यांनी एका दमात विचारला होता.

याला दोन तयार उत्तरं फिरत असतात आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिलं उत्तर गोड आहे: आपण ताऱ्यांच्या धुळीतून घडलो, म्हणून आपण थोर. पहिला भाग खरा आहे, अगदी अक्षरशः. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथलं ओंजळभर पाणी घ्या. त्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक विश्वाच्या पहिल्या काही क्षणांतलं आहे, ऑक्सिजन पुढे ताऱ्यांच्या पोटात शिजला. आपल्या जांभ्याचा चिरा फोडला की हाताला तांबडं लागतं, पावसाळ्यात धोतराचा सोगा तांबडा होतो आणि बायका ते धुताना आपल्याला काय काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते लोखंड. तुमच्या-माझ्या शरीरातही तीन-चार ग्रॅम तेच लोखंड आहे, त्यातलं बरंचसं रक्तात, आणि दोन्ही ताऱ्यांच्या स्फोटांतून आलं. पण मंडळी, गोठ्यातलं शेणही त्याच धुळीचं. डासही त्याच धुळीचा. सगळ्यांना मिळालेला मान हा मान कसला? कुळावरून मोठेपणा सांगायची आपली खोड आहे. तीच आता आपण ताऱ्यांपर्यंत नेली, एवढंच.

दुसरं उत्तर कडू आहे: आपण नगण्य, म्हणून कशालाच अर्थ नाही. हे बोलणारा माणूस फार खोल वाटतो. पण त्यात हिशोबाची चूक आहे. आकार मोजायची पट्टी घेऊन मोल मोजायला निघालेला माणूस तो. गुरू ग्रहात तेराशेहून अधिक पृथ्व्या मावतील, म्हणून गुरू तेराशेपट अर्थपूर्ण झाला का? उद्या विश्व आजच्या शंभरावा हिस्सा असल्याचं कळलं, तर तुमच्या नातवाच्या तापाची काळजी शंभरपट वाढेल का? मग विश्व मोठं निघाल्याने ती कमी का व्हावी?

आता पायाखाली बघू, कारण या भागात बघण्यासारखं पुष्कळ आहे. निपाणी-चिकोडीकडची काळी जमीन हा लाव्हारसाचा चुरा. दख्खनचा काळा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून थरावर थर साचून झाला, लाखो वर्षं ते चाललं होतं. आणि तो खडक दक्षिणेकडे आपल्याच जिल्ह्याच्या आसपास संपतो. गोकाकला धबधबा ५२ मीटर खाली पडतो, तो या काळ्या खडकावरून पडत नाही, त्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्मावरून पडतो. कलादगी नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खडकांत कुठेकुठे लाटांच्या वळ्या जशाच्या तशा राहिल्या आहेत. हात फिरवला की बोटांना कळतात. उथळ पाणी होतं, लाट आली, वाळूवर नक्षी उमटली, वर गाळ बसला. बघायला कोणी नव्हतं, ना मासा, ना झाड. नक्षी तरी पडलीच.

तर आपल्याकडे लाव्हा वाहत असतानाच्या त्या काळात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे दहा किलोमीटरचा एक अशनी येऊन आदळला. पक्षी सोडले तर डायनोसॉरांचं सगळं खानदान गेलं. लाव्हाचा वाटा किती आणि अशनीचा किती यावर तज्ज्ञ अजून भांडतात. आपल्यापुरतं महत्त्वाचं इतकंच की बिळात दडणाऱ्या केसाळ, लहानखुऱ्या प्राण्यांना मोकळं रान मिळालं. आपण त्यांचे वंशज. कोणी आपल्याला बोलावलं नव्हतं. तो दगड थोडा आगेमागे झाला असता तर आज या मांडवात कोण असतं, सांगता येत नाही.

आणि आता २६ सप्टेंबर २०२२. डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या एका लघुग्रहावर अमेरिकेच्या ‘नासा’ने एक यान मुद्दाम आदळवलं. हा लघुग्रह एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा. आदळल्यानंतर तीच फेरी अर्ध्या तासाहून जास्त वेळाने कमी झाली. आपल्याला त्याचा काही धोका नव्हता, ही रंगीत तालीम होती. पण विचार करा. ज्या तऱ्हेच्या दगडाने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निम्म्याहून जास्त जाती पुसून टाकल्या, तसा एक दगड बिळातल्या प्राण्याच्या वंशजाने ढकलून दाखवला. डायनोसॉर आपल्यापेक्षा कैक पटींनी जास्त काळ टिकले, आकाराने तर विचारूच नका. त्यांना आकाशातून काय येतंय ते कळलं नाही, आणि कळतं तरी करता काही आलं नसतं.

त्या शेतकरी काकांना मी हेच सांगायचा प्रयत्न केला होता. विश्वाने आपल्यासाठी काही अर्थ राखून ठेवलाय का, याला विज्ञानाकडे उत्तर नाही, आणि देणाऱ्यांच्या उत्तरांवर माझा फारसा विश्वास नाही. मला एवढं दिसतं की अर्थ सुरू होतो तो कोणीतरी कुणाची तरी काळजी वाहायला लागल्यावर. मग ती मुंगीची असो, नातवाची असो की येणाऱ्या दगडाची. जिथे जपणारा कोणी नाही, तिथे गोकाकच्या लाटा नुसत्या उमटतात. हीच मलप्रभा धरून खाली गेलात तर ती कृष्णेला मिळते तिथे बसवेश्वरांचं कूडलसंगम आहे. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे त्यांच्या वाटेने जाणाऱ्या भक्तांनी, रोजच्या कष्टाला पूजेचं मोल दिलं. आपल्याकडच्या वारकऱ्यांनीही कांदा-मुळा-भाजीत देव पाहिला. दोघांपैकी कोणीही विश्वाचा आकार विचारत बसलं नाही.

शेवटी एका तबकडीबद्दल सांगून थांबतो. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, कुठे कोणी भेटलंच तर त्याला ऐकवायला. तिच्यात ५५ भाषांतून नमस्कार आहेत. त्यात मराठी आहे आणि कानडीही आहे. टाळ्या वाजवायची घाई करू नका. या भाषा कोणी जगभर जनगणना करून निवडल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आसपास जे जे भाषिक सापडले त्यांना मायक्रोफोनसमोर उभं केलं, वेळ फार थोडा होता. म्हणजे विश्वात आपली भाषा पोचली यात आपलं कर्तृत्व शून्य. पण त्या तबकडीवर भारतातलं एक गाणं आहे, ते मात्र नशिबाने गेलेलं नाही. केसरबाई केरकरांची भैरवी. केरीच्या केसरबाई, आणि ही चोर्ल्याच्या वाटेवरची केरी नव्हे, गोव्याच्या फोंडा तालुक्यातली. आपल्या घाटाखालची बाई. कोल्हापूरला, मुंबईला जाऊन, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घासून मिळवलेला तो आवाज. ‘व्हॉयेजर १’ निघालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला.

ते यान आता सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. तिथून निघालेला संदेश यायला जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या जरा जवळून जायला त्याला अजून चाळीस हजार वर्षं लागतील, आणि ‘जवळून’ म्हणजे तेव्हाही दीड प्रकाशवर्षाहून लांब. ऐकायला कोणी भेटेल याची शक्यता नसल्यात जमा. मग पैसे कशाला घातले, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन की केसरबाईंनीही ती भैरवी काही परग्रहावरच्या श्रोत्यासाठी गायली नव्हती. समोर साथीदार होते, मागे खाँसाहेबांची तालीम होती, सूर नीट लागायला हवा होता आणि तो लागला. पुढे तो कुठे गेला, हा यानाचा प्रश्न.

प्रश्न असतील तर आता विचारा. आणि संयोजक, त्या खळ्याजवळचा दिवा दहा मिनिटं बंद करता येतो का, तेवढं बघा.