वळणात इंजिन गुदमरते: दोष टाकीत की कार्ब्युरेटरमध्ये?

नमस्कार. जुन्या रेस कारचे इंजिन सरळ मार्गावर जोमाने चालते आणि वेगवान वळणात मात्र गुदमरते, अशी तक्रार आली की बहुतेक जण आधी कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) उघडतात. माझ्या मते ही घाई आहे. पाना हातात घेण्याआधी इंजिन वळणात नेमके केव्हा अडखळते, हे पाहावे.

वळणात 1 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, आडवा जोर पडला, तर पेट्रोलची पातळी 45 अंशांनी तिरपी होते; टाकीतही आणि कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या छोट्या कप्प्यात, म्हणजे फ्लोट चेंबरमध्येही. आता दीडशे अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला साधारण 12 ते 13 मिलिलिटर पेट्रोल पिते आणि फ्लोट चेंबरमधला साठा जेमतेम काही सेकंद पुरतो. त्यामुळे टाकीतील नळीचे तोंड उघडे पडून पंप हवा ओढू लागला, तरी इंजिन लगेच बंद पडत नाही. ते लांब वळणाच्या शेवटी किंवा वळण संपल्यावर अडखळते आणि सावरायलाही वेळ घेते. याउलट, वळणात शिरताच ठसका लागला आणि स्टिअरिंग सरळ होताच इंजिन मोकळे झाले, तर संशय फ्लोट चेंबरवर घ्यावा.

खात्री करण्यासाठी टाकी पूर्ण भरून तेच वळण त्याच वेगाने घ्यावे. त्रास नाहीसा झाला, तर कार्ब्युरेटरला हात लावू नये. पेट्रोलचा दाब मोजायचा असेल, तर कार्ब्युरेटरजवळ इलेक्ट्रिक सेन्सर बसवावा. पेट्रोलची नळी चालकाच्या कक्षात आणणे धोक्याचे आहे. वळणात दाब घसरला तर दोष टाकी, पंप किंवा फिल्टरकडे. टिकला तर कार्ब्युरेटरकडे.

दोष कार्ब्युरेटरचा असला, तरी पेट्रोल कमीच पडते, असे गृहीत धरू नये. फ्लोट चेंबर बाजूला असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये एका दिशेच्या वळणात पेट्रोल जेटपासून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रापासून) दूर जाते, तर दुसऱ्या दिशेला तेच उसळून मिश्रण अतिश्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असे, करू शकते. पहिल्यात कार्ब्युरेटरच्या तोंडातून फटाके येतात, दुसऱ्यात एक्झॉस्टमधून काळा धूर. हे दोन्ही त्रास विमानांतही दिसले: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मर्लिन विमान-इंजिने निगेटिव्ह जीमध्ये (विमानाचे नाक झटकन खाली दाबल्यावर) आधी पेट्रोलअभावी आणि लगेच पेट्रोलच्या अतिरेकाने अडखळत. 1941 मध्ये ब्रिटिश अभियंता बीट्रिस शिलिंग यांनी प्रवाह मर्यादित करणारी छिद्राची चकती बसवून त्यातील दुसरा त्रास आवरला. त्या स्वतः इंग्लंडमधील ब्रुकलँड्स ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतीत उतरत.

म्हणूनच पंपाचा दाब वाढवणे हा उपाय मला पटत नाही. वेबर डीसीओई या रेस कारमधील कार्ब्युरेटरला सुमारे 3 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो. त्याहून फार वाढवल्यास फ्लोट चेंबरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. दोष कार्ब्युरेटरचा असेल, तर फ्लोटची (चेंबरमधील पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची निर्मात्याच्या मापाप्रमाणे लावावी. दोष टाकीचा असेल, तर पेट्रोल एका बाजूला धावू नये म्हणून आत आडपडदे बसवावेत किंवा छोटी उभी सर्ज टाकी जोडावी: एक पंप ती सतत भरतो, जादा पेट्रोल आणि हवा वरून मुख्य टाकीत परततात आणि दुसरा पंप तिच्या तळातून कार्ब्युरेटरला पेट्रोल देतो.