शंभर मीटर, लागोपाठ दोनदा

१५ ऑक्टोबर १९६८. मेक्सिको सिटी. बायकांच्या शंभर मीटरची फायनल सुरू व्हायचीय. आभाळ भरून आलंय, कुठल्याही क्षणी पाऊस येईल असं वातावरण आहे, आणि आठ जणी आपापल्या ब्लॉक्सच्या मागे उभ्या आहेत. आता यांच्यातल्या एकीकडे नीट बघा. ती नाचतेय. म्हणजे खरंच नाचतेय, त्या वर्षी अमेरिकेत गाजलेल्या एका गाण्यावरच्या स्टेप्स करतेय, ऑलिम्पिकच्या फायनलला, गोळी सुटायच्या काही क्षण आधी.

ही वायोमिया टायस. वय २३. आणि ती आज जिंकली तर असं काहीतरी होणार आहे जे तोपर्यंत कुठल्याच माणसाला जमलेलं नाही, ना पुरुषाला ना बाईला.

तिचं गाव ग्रिफिन, जॉर्जिया राज्यात. वडील डेअरीवर कामाला, आई लाँड्रीत. तीन मोठे भाऊ आणि ही शेंडेफळ. वडिलांचा घरात एक नियम होता, भाऊ खेळायला निघाले की बहिणीलाही सोबत न्यायचं, आणि नुसतं बसवून ठेवायचं नाही, खेळायला घ्यायचं. घराच्या बाहेर मात्र नियम वेगळे होते. गोऱ्या मुलांची शाळा चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, पण ती हिच्यासाठी नव्हती, काळ्या मुलांच्या शाळेत जायला तासभर बसचा प्रवास. ती १४ वर्षांची असताना घर जळून खाक झालं, आणि वर्षभरात वडील गेले. त्यानंतर ही पोरगी बोलेनाशीच झाली, कुणी काही विचारलं तर एका शब्दात उत्तर. त्या काळात तिला सावरलं ते धावण्याने.

तिला हेरलं एड टेंपल यांनी, नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीचे कोच. त्यांच्या मुलींची टीम म्हणजे टायगरबेल्स. १९६० मध्ये रोमला तीन गोल्ड जिंकणारी विल्मा रुडॉल्फ याच टीमची. टेंपल उन्हाळ्यात शाळकरी मुलींचा कॅम्प घ्यायचे, दिवसातून तीनदा प्रॅक्टिस, तीही तिकडच्या उकाड्यात. पुढे कॉलेजला आलेल्या मुली कॅम्पसवर काम करून शिक्षणाचा खर्च भागवायच्या, आणि कोचचा आग्रह एकच, पळा कितीही पण डिग्री घेऊनच बाहेर पडा. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो, कारण काळ्या मुलींच्या खेळासाठी कुणी पैसा टाकत नव्हतं, त्या काळात त्यांनी हे सगळं उभं केलं.

१९६४, टोकियो. सगळ्यांच्या नजरा होत्या एडिथ मॅकगायरवर, टायसचीच टीममेट, मैत्रीण. टायस १९ वर्षांची, तिच्याकडून फार अपेक्षा कुणालाच नव्हती. तिने आधीच्या फेरीतच ११.२ ची वेळ दिली, म्हणजे थेट विल्माच्या वर्ल्ड रेकॉर्डशी बरोबरी, आणि फायनल ११.४ मध्ये मारली. मॅकगायर दुसरी, ११.६.

आता परत मेक्सिकोत येऊ. गोळी सुटते, टायस पुढे निघते, आणि मग तिला कुणी गाठतच नाही. तेव्हाच्या अधिकृत नोंदीत ११ सेकंद सपाट, नवा वर्ल्ड रेकॉर्ड, इलेक्ट्रॉनिक घड्याळात ११.०८. लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरचं गोल्ड, जगात पहिल्यांदा.

रेसचा फोटो बघाल तर तिच्या शॉर्ट्सकडे लक्ष द्या. टीमच्या शॉर्ट्स पांढऱ्या होत्या, हिने काळ्या घातल्यात. अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्धचा तो तिचा निषेध होता, शांतपणे केलेला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचेच काळे धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी त्याच निषेधासाठी पोडियमवर काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या, तो फोटो सगळं जग ओळखतं, आणि ओळखायलाच हवा. पण काळ्या खेळाडूंच्या या निषेधाच्या चळवळीचं प्लॅनिंग करताना काळ्या महिला खेळाडूंना कुणी विचारलंच नव्हतं. तरी त्या दोघांना टीममधून काढून घरी पाठवल्यावर टायस गप्प बसली नाही. २० ऑक्टोबरला रिलेत शेवटचा लेग ती पळाली, ४२.८ सेकंद, परत वर्ल्ड रेकॉर्ड, आणि ते गोल्ड तिने जाहीरपणे स्मिथ आणि कार्लोसला अर्पण केलं.

हे सगळं करून ती मायदेशी परतली आणि तिचं नाव हळूहळू मागे पडत गेलं. २० वर्षांनी, १९८८ ला सोलमध्ये, शंभर मीटरला पहिला आलेला बेन जॉन्सन डोपिंगमध्ये सापडला आणि १९८४ ला हीच रेस जिंकलेल्या कार्ल लुईसला गोल्ड मिळालं, तेव्हा शंभर मीटरचं टायटल राखणारा पहिला माणूस म्हणून त्याचंच नाव सगळीकडे गाजलं. लुईस मोठाच खेळाडू, त्यात वाद नाही. पण पहिली ती होती हो! आणि मला हे आजही खुपतं, कारण यात मत वगैरे काही नाही, रेकॉर्ड बुकात तारखेसकट लिहिलेलं आहे.

मेक्सिकोनंतर तिने अॅमॅच्युअर अॅथलेटिक्स सोडलं, तिथे पैसा नव्हताच. १९७३ मध्ये प्रोफेशनल सर्किट सुरू झाल्यावर ६० यार्डांच्या शर्यतीत परत उतरली, पहिल्या वर्षी १८ पैकी ८ रेस जिंकली आणि दुसऱ्या वर्षी २२ पैकी २२. १९७४ मध्ये टेनिसपटू बिली जीन किंग आणि इतरांसोबत विमेन्स स्पोर्ट्स फाउंडेशन उभं करण्यात तिचा हात होता. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या ओपनिंगला ऑलिम्पिकचा झेंडा घेऊन चालणाऱ्यांत ती होती, आणि १९९९ पासून ग्रिफिनमध्ये तिच्या नावाचं पार्क आहे.

आणि नोकरी? लॉस एंजेलिसमध्ये शाळेच्या मुलांसाठी निसर्ग शिबिरं असतात, तिथे ती बरीच वर्षं कामाला होती. शहरातली पोरं यायची, आणि ही त्यांना झाडं, प्राणी दाखवत रानातून हिंडवायची.